उंबऱ्याबाहेरची पितळी

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी गुडघ्यांना तेल चोळत बसलो होतो. 'आपल्या प्रदीर्घ अध्यापनसेवेतील संस्मरणीय विद्यार्थी' या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहावं, असं त्यांचं म्हणणं. माझी पंचाईत झाली. हुशार विद्यार्थी मला आठवतच नाहीत. ते वर्गात आले, उत्तरं दिली, पास झाले, गेले. माझ्यावाचूनही ते शिकलेच असते. लक्षात राहिलेत ते चुकणारे, आणि त्या सगळ्यांत मोठी चूक माझी स्वतःची आहे. तेव्हा मी स्वतः शिक्षक कसा झालो तेच सांगतो. नको असेल तर लेख परत पाठवावा, तिकिटं सोबत जोडली आहेत.

मी वेल्ह्याच्या खोऱ्यातला. तोरण्याच्या पायथ्याशी, कानंदीच्या काठी आमची चार-दोन वावरं. खाली भात, उतारावर नाचणी आणि वरई. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, दादानं, नांगर धरला आणि मला शाळेत घातलं. भोरला मॅट्रिक, मग पुण्यात बोर्डिंगात राहून बी.ए., आणि परत भोरलाच एका शाळेत इंग्रजी आणि भूगोलाचा मास्तर. भोर तेव्हा संस्थान होतं. राजवाडा, कचेऱ्या, आणि कचेऱ्यांत काम करणारी पांढरपेशी कुटुंबं. धोतर गुडघ्यापर्यंत चढलेला मावळातला मास्तर आपल्या मुलांना इंग्रजी शिकवतो याची त्यांना गंमत वाटायची. मलाही वाटायची.

पण नुसत्या बी.ए.ला शाळेत कायम करत नसत. त्यासाठी बी.टी. व्हावं लागे, म्हणजे शिकवायचं कसं हे वर्षभर शिकून त्याची परीक्षा द्यावी लागे. लोकांना हे अजूनही कळत नाही. विषय येतो त्याला शिकवता येतं असं त्यांना वाटतं. भूक लागते त्याला स्वयंपाक येतो, असं म्हणण्यातलाच तो प्रकार. सरकारी ट्रेनिंग कॉलेजात जागा मोजक्या आणि अर्जांचा ढीग. मी दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. हेडमास्तर म्हणाले, "दोन वर्षांत ट्रेनिंग झालं नाही तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. नीरा ओलांडून पलीकडं, खाली दक्षिणेला, एका मिशननं पदवीधरांसाठी वर्ग काढलाय. ते जात बघत नाहीत, धर्मही बघत नाहीत. बघा बुवा, छाती असेल तर."

आईला सांगायला मी गावी गेलो. ती जात्यावर नाचणी दळत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "तितं काय शिकिवत्यात?"

"शिकवायचं कसं ते."

"तुला येत न्हाई व्हय अजून?"

मग जातं थांबलं. "जा," ती म्हणाली. "पन त्यांच्या हातचं खाऊ नगंस. पान्याला बी शिवू नगंस. येवडं वचन दे मला."

मी दिलं. एक वर्ष म्हणजे काय असतं, असं त्या वयात वाटतं.

मिशनच्या त्या वर्गात आम्ही सोळा जण होतो. पंधरा ख्रिस्ती आणि एक मी. सकाळच्या प्रार्थनेला बसायचं ही अट होती. मानायची अट नव्हती. गावाकडून निघताना प्रत्येकानं मला बजावलं होतं की गोड बोलून बाटवतील, सांभाळून राहा. वर्षभरात एकानंही माझ्यापाशी धर्माचा शब्द काढला नाही. खरं सांगायचं तर मला थोडा अपमानच वाटला.

आमचे मुख्य अध्यापक साळवे सर. नगरकडचे, काळेसावळे, सडपातळ, डोक्याला मोठा पांढरा रुमाल. माझं वचन ऐकून त्यांनी कपाळाला आठी पाडली नाही. आवाराच्या टोकाला बग्गी ठेवायची जुनी पागा होती, ती त्यांनी मला दिली. तिथं तीन दगड मांडून मी चूल केली. पाणी मी स्वतः अर्धा मैल चालून ओढ्यावरून आणायचो. भाकरी करता येत नव्हती. पहिला महिनाभर एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी अशीच खाल्ली. बाकीचे पंधरा जण लांबलचक टेबलाशी एकत्र जेवायचे. त्यांचं हसणं पागेपर्यंत ऐकू यायचं. मी फुंकणीनं चूल फुंकत बसायचो. धुरानं डोळ्याला पाणी येतं हे एक बरं असतं, दुसरं कारण सांगावं लागत नाही.

त्या पंधरांत योहान नावाचा एक होता. सोलापूरकडचा, माझ्याहून लहान. नाताळात त्यानं घरून आलेल्या करंज्या ताटलीत घालून, वर फडकं झाकून पागेशी आणल्या. आमच्याकडं दिवाळीला करतात तशाच करंज्या, कडेला तशीच मुरड. मी म्हणालो, "नको रे. तुला माहीत आहे." तो म्हणाला, "माहीत आहे. तरी आणल्या." ताटली दाराबाहेर ठेवून तो गेला. दुसऱ्या दिवशी ती तशीच होती, मुंग्या लागलेल्या. त्यानं ती उचलून नेली. त्यानंतर तो माझ्याशी नीटच वागला, पण पागेकडं आला नाही. त्या ताटलीची मला अजून लाज वाटते.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाठ घ्यायच्या आधी त्याचं टाचण लिहावं लागतं. कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडं शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडं विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. म्हणजे मुलगा काय बोलणार ते मास्तरनं आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं. आणि प्रश्न विचारायची रीत अशी की आधी प्रश्न साऱ्या वर्गापुढं ठेवायचा, मग थांबायचं, मनात पाच आकडे मोजायचे, आणि मग एकाचं नाव घ्यायचं. नवा मास्तर आधी नाव घेतो, की बाकीचे एकोणतीस जण झोपायला मोकळे. प्रश्न, थांबा, नाव. साळवे सर हे तीन शब्द छडीसारखे टेबलावर आपटायचे. त्यातलं थांबणं सगळ्यांत अवघड. वर्ग गप्प झाला की मास्तरच घाबरतो आणि आपणच उत्तर देऊन टाकतो.

माझा पहिला सरावपाठ नदीवर होता. मागच्या बाकांवर पंधरा सोबती वह्या उघडून माझ्या चुका टिपायला बसलेले. मी विचारलं, "नदी कुठून येते?" थांबलो, पाच मोजले, एका मुलीचं नाव घेतलं. ती म्हणाली, "आमच्या घरामागून." वर्ग हसला. मी म्हणालो, "चूक. बस खाली."

पाठ संपल्यावर साळवे सरांनी मला बाजूला घेतलं. "तिचं उत्तर चूक नव्हतं," ते म्हणाले. "अपेक्षित नव्हतं. या दोन्हींत जो फरक आहे, तो कळेपर्यंत मी तुम्हाला शिक्षक म्हणणार नाही."

सरांची आणखी एक सवय होती, ती आम्हा सोळाही जणांना लागली. वर्गात आलं की बोलायच्या आधी ते टेबलामागं उभे राहायचे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवायचे, मान खाली घालून डोळे मिटायचे. पाच-सात सेकंद. ते प्रार्थना करत असणार. मी तेवढ्या वेळात पाठाच्या पायऱ्या घोकून घ्यायचो आणि छातीतली धडधड बसवायचो. वर्षभर हे चाललं. सवय कधी अंगात मुरली ते मला कळलं नाही.

वर्ष संपलं. लेखी परीक्षा झाली. सर्टिफिकेट मात्र लगेच मिळत नसे. आपापल्या शाळेत जाऊन एक वर्ष शिकवायचं, मग परीक्षक येऊन पाठ बघणार, आणि तो पसंत पडला तरच नावापुढं बी.टी. लागणार. मी भोरला परत आलो. नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला टेबलामागं उभा राहिलो, बोटं गुंतवली, डोळे मिटले. मी काय केलं हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आठवड्याभरात अख्खा वर्ग माझ्याबरोबर बोटं गुंतवून डोळे मिटायला लागला. मला वाटलं, चला, मुलं शिस्तीला लागली.

त्यातल्या एकानं घरी पाटावर बसल्यावर, जेवायच्या आधी, तेच केलं. ते घर होतं बापूसाहेबांचं. बापूसाहेब संस्थानच्या दफ्तरात मोठे कारकून. दुसऱ्या दिवशी ते हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले आणि मला बोलावणं आलं.

"मास्तर, भूगोलाच्या तासाला डोळे मिटायचं काय कारण?"

त्या वयात मला गप्प बसता यायचं नाही. "भूगोलात बघण्यासारखा आपल्याकडं एकच नकाशा आहे, आणि तोही फाटका," मी म्हणालो.

हेडमास्तर हसले. बापूसाहेब हसले नाहीत. "आपल्यात नमस्कार असा करतात का?" म्हणत त्यांनी माझ्या हातांकडं बोट केलं. मी खाली पाहिलं. त्या क्षणीही माझी बोटं एकमेकांत गुंतलेली होती.

हेडमास्तरांनी सावरून घेतलं. "सवय आहे, जाईल," म्हणाले. नोकरी राहिली, पण मुलं मागून मला पाद्री मास्तर म्हणायला लागली. बाजारच्या दिवशी भोरला मावळातली माणसं येत. त्यांच्या टोपल्यांबरोबर ही बातमी डोंगर चढली आणि माझ्या आधी घरी पोचली.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. भाटघरच्या धरणाच्या कडेकडेनं निघायचं, डोंगर चढायचा आणि पलीकडं उतरायचं, असा दिवसभराचा रस्ता. अंगणात भावकीतली चार वडीलधारी माणसं बसलेली होती. मधे तात्या, वडिलांचे चुलतभाऊ.

"काय शंकर, लई शिकून आलास म्हनं," तात्या म्हणाले.

"आलो."

"हे बग, आमी काय तुला वाईट म्हनत न्हाई. देवळाम्होरं बस, डोकं भादरून घे, भावकीला येक जेवान घाल. झालं. मागचं कुनी काडनार न्हाई."

"पण कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हंजे? वरीसभर त्यांच्यात ऱ्हायलास."

"राहिलो. तिथं काय खाल्लं, काय प्यालो, ते विचारलंत का?"

"त्यात इचारायचं काय? समदा मुलूख सांगतुय."

"आधी विचारा," मी म्हणालो. "मग उत्तर देतो."

मी शिकून आलो होतो ना! प्रश्न आल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही माझी नवी अक्कल. मी काही केलं नव्हतं. मग न केलेल्याचं प्रायश्चित्त कसलं घ्यायचं? मी दाराकडं पाहिलं. आई चौकटीला धरून उभी होती. वचन तिनंच घेतलं होतं, गावात तिच्याशिवाय ते कोणाला ठाऊक नव्हतं. तिनं एवढंच म्हणायचं होतं, 'का रं, पाळलंस का?' आणि मी साऱ्या भावकीसमोर सांगितलं असतं. मी थांबलो. पाच मोजले. आणखी पाच मोजले. आई वळून आत गेली.

थोड्या वेळानं तिनं पितळी आणली. पितळी म्हणजे उभ्या काठाचं पितळेचं ताट, घरात प्रत्येकाचं एकेक असायचं. ती तिनं उंबऱ्याच्या बाहेर, पडवीत ठेवली. पाणी तांब्यातून वरून ओतलं. "जेव. गार हुतंय," म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

दादानं दुसऱ्या दिवशी बांधावर मला सांगितलं, "शंकर, पोरींची लग्नं व्हायचीत रं." त्याला दोन मुली होत्या. मला घरात घेतलं असतं तर त्यांना कोणी दारात उभं केलं नसतं. त्याचं बरोबर होतं. बरोबर असण्यानं काही सोपं होत नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला साळवे सर माझा पाठ बघायला आले. सर्व्हिस मोटारीनं सारोळ्याला उतरले, नीरेच्या पुलाशी, आणि मी टांगा घेऊन त्यांना आणायला गेलो. टांगेवाल्यानं त्यांचा डोक्याचा रुमाल आणि गळ्यातला क्रूस पाहिला आणि मला म्हणाला, "तुमचं पावनं व्हय?" मी व्हय म्हणालो. आधीच गावभर झालेलं होतं, त्यात आणखी काय व्हायचं.

पाठ धरणावर घेतला. भाटघरचं धरण मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं. मागच्या बाकावर साळवे सर, त्यांच्या शेजारी हेडमास्तर, आणि दारात उभे बापूसाहेब, कसे आणि का आले होते कोणास ठाऊक. मी विचारलं, "धरणाचा उपयोग काय?" टाचणात उजवीकडं लिहिलं होतं, 'कालव्यांद्वारे खालच्या गावांना पाणी मिळते.' थांबलो. पाच मोजले. एका मुलाचं नाव घेतलं. धरणाच्या वरच्या अंगाचा, पंधरा-सोळा वर्षांचा.

तो उभा राहिला. "आमाला काय उपेग न्हाई, सर. आमचं जुनं घर पान्याखाली हाय."

कोणी हसलं नाही. माझ्या हातातल्या कागदावर पुढचे अकरा प्रश्न होते. परीक्षा माझी होती, नोकरी माझी होती. मी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणालो, "घर कुठं होतं, फळ्यावर काढून दाखव."

त्यानं काढलं. नदी, नदीकाठचं गाव, देऊळ, त्यांचं घर, आंब्याचं झाड. आता पाण्याची रेघ कुठवर आली तेही काढलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो आणि त्याची आजी काठावर येऊन बसते, असंही सांगितलं. दुसरी मुलं बोलायला लागली. खालच्या गावचा एक जण म्हणाला, आमच्यात ऊस आला तो ह्यांच्या घरावरनं व्हय? टोल पडला तेव्हा माझ्या टाचणातला एकही पुढचा प्रश्न विचारून झाला नव्हता. मी गेलो, असंच मला वाटलं.

दुपारी साळवे सर नदीकाठच्या पिंपळाखाली बसून डब्यातली भाकरी खात होते. गावात त्यांना कोण जेवू घालणार? मी शेजारी बसलो होतो. वर्षभर पागेत एकट्यानं जेवलेला मी. त्या दिवशी त्यांनी नुसता डबा पुढं केला असता तर मी खाल्लं असतं. ते म्हणाले, "तुमचं वचन मला ठाऊक आहे, म्हणून आग्रह करत नाही." आणि मी 'द्या' म्हणालो नाही.

"गावात बोलतात ते मी ऐकलं," ते म्हणाले. "तुमच्या आईला सांगितलंत ना, वर्षभर चूल वेगळी होती ते?"

"तिनं विचारलंच नाही."

"आणि तुम्ही?"

मला त्यांचा प्रश्न कळला नाही. ते थांबले होते. बहुधा पाच मोजत होते. मग त्यांनी डबा धुतला आणि आम्ही उठलो. माझ्या बाजूनं साक्ष देऊ शकेल असा त्या दिवशी भोरात एकच माणूस होता, आणि तो ख्रिस्ती होता.

दोन महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. पाठाच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'टाचण अपुरे राहिले. उत्तीर्ण.' शाळेनं मला कायम केलं. बापूसाहेबांनी आपला धाकटा मुलगा माझ्याकडं इंग्रजीच्या शिकवणीला पाठवला, पण त्याला घरून पाण्याचा तांब्या देऊन. मी नदीच्या बाजूला एक खोली घेऊन एकटाच राहायचो. दोन ठिकाणची सोयरीक आली, दोन्ही परत गेली, तिसरी आलीच नाही. शाळेत मी दिवसभर बोलायचो. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशीच्या घंटेपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

दिवाळीला आणि मे महिन्यात मात्र मी डोंगर ओलांडून घरी जायचो. बारा वर्षांत एकदाही चुकवलं नाही. प्रत्येक वेळी उंबऱ्याबाहेर तीच पितळी. मी पडवीत भिंतीला टेकून जेवायचो, आई आतल्या बाजूनं त्याच भिंतीला टेकून बसायची. भिंतीपलीकडून ती विचारायची, भोरला पाऊस किती झाला, पायाला भेगा पडल्यात का. मी विचारायचो, म्हैस व्याली का. जेवण झालं की मी पितळी स्वतः धुवायचो आणि गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात उभी करून ठेवायचो. तिथंच तिची जागा, असं मला वाटायचं.

एक गोष्ट मला दर वेळी खुपायची. वर्षातून दोनदा वापरात येणारं पितळेचं भांडं काळं पडतं, हिरवं होतं. माझी पितळी सोन्यासारखी लखलखत असायची. राखेनं इतकी घासलेली की मधे कल्हईचा मागमूसही राहिला नव्हता. मला वाटायचं, मी गेल्यावर माझा विटाळ घासून काढतात. आईचे हात ते करताना माझ्या डोळ्यांपुढं यायचे आणि घास फिरायचा. मी तिला कधी विचारलं नाही. मी तिच्या प्रश्नाची वाट बघत होतो.

स्वातंत्र्य मिळायच्या आधीच्या उन्हाळ्यात आई तापानं गेली. निरोप बाजारकऱ्याबरोबर आला आणि मी पोचलो तेव्हा राख सावडायची तेवढी राहिली होती. तेराव्याला अंगणात पंगत बसली. मी सवयीनं पडवीकडं वळलो. तात्या आता खूप थकले होते, त्यांनी हाक मारली. "आरं शंकर, तिकडं कुठं? ये, बस हितं माज्या शेजारी. आता कशाला धरून बसायचं? पोरींची लग्नं झाली, दिस बदलले."

त्यांनी सरकून जागा केली. मी बसलो. कोणी डोकं भादरायला सांगितलं नाही, कोणी काही विचारलंही नाही. पत्रावळीवर भात आला आणि सगळ्यांबरोबर मी जेवलो. बारा वर्षं ज्यासाठी गेली ते एवढंच होतं, एक माणूस हातभर सरकण्याइतकं. मला इतका राग आला की रडूही येईना.

निघायच्या वेळी वहिनी पितळी घेऊन आल्या. "भावजी, ही घिऊन जावा. आत्याबाईंनी सांगितलं हुतं, तुमालाच द्यायची."

सासूला त्या आत्याबाई म्हणत. मी पितळी हातात घेतली. बारा वर्षांचं सगळं तोंडात आलं. "घासून घासून पार झिजवलीत की," मी म्हणालो. "निघाला का माझा विटाळ?"

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. "विटाळ? भावजी, आत्याबाई रोज ह्याच पितळीत जेवायच्या."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुमी डोंगर चढून दिसंनासं झालात की गोठ्यातनं घिऊन यायच्या. समद्यांची जेवनं झाली की चुलीम्होरं येकल्या बसून त्यातच खायच्या, आन तुमी यायच्या दिशी परत कोनाड्यात नेऊन ठिवायच्या. म्या येकदा म्हनलं, आत्याबाई, कुनी बगितलं तर? तर म्हनल्या, माजं पोर बाटलं आसंल तर म्या बी बाटले. पन त्येला सांगू नगंस. त्यो खरं बोलायच्या नादात गावभर सांगंल आन पोरींची लग्नं मोडतील."

"मग तिनं मला विचारलं का नाही कधी? मी तिथं खाल्लं का म्हणून?"

"काय करायचं हुतं इचारून?" वहिनी म्हणाल्या. "त्यास्नी दोन्ही सारकंच हुतं."

मी पितळी काखेत मारून डोंगर चढलो. माथ्यावर बसलो आणि तिथं मला रडू आलं. एका बाजूला खोरं, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी उतरलेलं, आणि त्यात तो देवळाचा कळस दिसत होता.

त्यानंतर मी वीस-बावीस वर्षं शिकवलं. नव्या शिक्षकांना टाचण कसं लिहायचं ते दाखवलं, प्रश्न, थांबा, नाव हेही सांगितलं. पण सांगताना दर वेळी माझा मलाच चटका बसायचा. थांबायचं काम मी बारा वर्षं चोख केलं होतं. आईच्या नावापुढं उजवीकडं एक उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं, की तिला माझी लाज वाटते. पिंपळाखाली साळवे सर 'आणि तुम्ही?' म्हणाले, ते आता मला कळतं. ते डावीकडच्या रकान्याबद्दल विचारत होते. तो माझा होता आणि कोरा होता.

पितळी माझ्याकडं आहे. मी तिच्यातच जेवतो. तळाला मधोमध एक जागा खोलगट झिजलेली आहे, तिथं आमटी साचते. बारा वर्षं मी तिच्या दारात बसून वाढलेलं सगळं खाल्लं, उंबऱ्यापलीकडं ती टेकून बसलेली असायची, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही की आये, तू जेवलीस का?